इन्कोनेल रगडायचं नाही, कापायचं : ७१८ चा जॉब पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा इन्कोनेल ७१८ चा, म्हणजे निकेलच्या अलॉयचा, बार आमच्या शॉपमध्ये आला तेव्हा सगळ्यांनी तो हातात घेऊन बघितला. ६० चा गोल, दिसायला एसएससारखाच (स्टेनलेस), मॅग्नेट लावला तर चिकटत नाही, वजन जरा जास्त वाटलं (घनता ८.१९ आहे, साध्या स्टीलची ७.८५, म्हणजे वाटलं ते खरंच होतं). टीसीवर (मालासोबत येणाऱ्या टेस्ट सर्टिफिकेटवर) हार्डनेस २५० बीएचएनच्या, म्हणजे ब्रिनेलच्या, आत. आम्ही म्हणलं अरे हे तर ईएन २४ स्टील टफन करून येतं तसंच आहे, रोजचंच काम, लावा. दुपारच्या जेवणापर्यंत सहा टिपा (कापणाऱ्या कार्बाइडच्या चकत्या) गेल्या आणि चार वाजता १० चं ड्रिल भोकातच तुटून बसलं, तो जॉब अजून आमच्या रॅकवर आहे, ड्रिलसकट, नवीन पोरगं आलं की आधी तो दाखवतो.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याला दोन-तीन सीएनसी घेऊन बसलेले लई जण आहेत आणि आजकाल एखादी पार्टी अचानक चाळीस-पन्नास नग स्टड नाहीतर व्हॉल्व्हचा पार्ट निकेलच्या मालात घेऊन येते. रेट चांगला दिसतो, आपून हो म्हणतो, आणि मग एमएसच्या (साध्या मऊ स्टीलच्या) सवयीनं मशीन चालवतो. त्यांच्यासाठी लिहायलो. माल टीसीवर मऊ असतो ते खरंच आहे, त्याला हार्ड आपण करतो, आपल्या हातानं, आणि बहुतेक वेळा घाबरून.

हे होतं कसं ते आधी समजून घ्या, मग पुढचे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

तांबट हंडा ठोकताना बघितलाय का? थोडा वेळ ठोकतो, मग परत भट्टीत घालून लाल करतो, परत ठोकतो. न तापवता ठोकतच राहिला तर पत्रा कडक होऊन तडकतो. दुसरं उदाहरण म्हणजे जुन्या घरातली टॉर सळई, ती पिळलेली. ते पिळणं डिझाइन म्हणून नव्हतं, गार सळई पिळली की तिची ताकद वाढते म्हणून पिळायचे. आता जालन्याच्या मिलमधून जी टीएमटी येते ती लालभडक असताना रोल होते, तेवढ्या गरमीत आतला ताण तिथल्या तिथं सुटतो, आणि तिची ताकद नंतर पाण्यानं बाहेरचा थर झटक्यात गार केल्यामुळं येते. म्हणजे धातू गार असताना दाबला, पिळला, रगडला की तो कडक होतो, हे सगळ्याच धातूंचं आहे. मग निकेलच एवढं कामून नडतं?

गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यावरच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या डोळ्यापुढं आणा. धातू वाकतो, दबतो तेव्हा त्याच्या आत अणूंच्या थरांमधून बारीक दोष सरकत असतात, पुस्तकात त्याला डिसलोकेशन म्हणतात. हे म्हणजे आपले ट्रॅक्टर. ते सुरळीत पळतात तोवर धातू मऊ. गर्दी झाली, एकमेकात अडकले, की धातू हार्ड. ॲल्युमिनियममध्ये एकटा ट्रॅक्टर असल्यासारखं आहे, पुढं जाम दिसला की बाजूच्या पांदीत वळतो आणि निघून जातो. निकेलमध्ये क्रोमियम, मॉलिब्डेनम वगैरे मिसळलं की प्रत्येक डिसलोकेशन फुटून त्याचे दोन तुकडे होतात आणि ते दोन्ही एका पट्टीनं जोडलेले राहतात, म्हणजे एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या. दोन ट्रॉल्यांचं धूड पांदीत वळत नाही! ते सरळ रस्त्यावरच अडकून बसतं, मागून अजून येतात, आणि बघता बघता कारखान्यापासून गावापर्यंत लाइन. लो स्टॅकिंग फॉल्ट एनर्जी असं त्याचं नाव आहे, नाव विसरलात तरी चालंल, ट्रॉल्या विसरू नका.

एसएस ३०४ पण असंच हार्ड होतं, पण तिथं अजून एक भानगड असते, दाबल्यावर त्याचा काही भाग मार्टेन्साइट होतो, म्हणून ३०४ च्या चिपला मॅग्नेट थोडा ओढतो. ७१८ मध्ये तसं काही बदलत नाही, नुसती गर्दी. त्यामुळं मॅग्नेटनं कळणार नाही की हार्ड झालंय का नाही.

त्यात भर म्हणजे गरमी. ७१८ ची उष्णता वाहायची क्षमता ११ वॅटच्या आसपास आहे, साध्या स्टीलची ५० च्या घरात. स्टील कापताना बरीच गरमी चिपबरोबर आणि जॉबमध्ये निघून जाते, इथं ती टिपच्या धारेवरच बसते. आणि धातू मात्र गरमीत मऊ पडायला तयार नाही, कारण तो बनवलाच आहे ६५० डिग्रीपर्यंत ताकद धरून ठेवायला, जेट इंजिनच्या डिस्कसाठी. आयझेलस्टीन नावाच्या माणसानं इन्को कंपनीत हा अलॉय काढला, १९६२ चं पेटंट आहे. म्हणजे साठ वर्षांपूर्वी ज्यासाठी बनवला तेच आज आपल्या टिपला भोगावं लागतंय.

आता कामाला लागू.

माल हातात आला की टीसीवर आधी बघायचं की सोल्यूशन ॲनील्ड (तापवून मऊ केलेला) आहे का एज केलेला (भट्टीत ठेवून कडक केलेला). ॲनील्ड असेल तर २७७ बीएचएनच्या आत असतो, एज केलेला ३३१ च्या वर, साधारण ३६ ते ४४ एचआरसी (रॉकवेल हार्डनेस). एजिंगमध्ये आत नायोबियम आणि निकेलचे बारीक कण तयार होतात, गॅमा डबल प्राइम म्हणतात त्याला, आणि सोबत थोडे गॅमा प्राइम. हे कण म्हणजे रस्त्यावर जागोजागी टाकलेले स्पीडब्रेकर, आधीच गर्दी आणि त्यात हे. यील्ड, म्हणजे माल कायमचा वाकायला लागतो तो ताण, कमीत कमी १०३४ एमपीएपर्यंत जातं. पण गंमत अशी की एज केलेला माल कधी कधी ॲनील्डपेक्षा बरा कापतो, म्हणजे फोर्स जास्त लागतो पण चिकटत नाही, बर (कडेचा फाटका काठ) कमी येतो, फिनिश चांगलं येतं, कारण तो आधीच कडक आहे, अजून कडक व्हायला जागा कमी उरलीय. म्हणून पार्टीला विचारून शक्य असेल तर ॲनील्डमध्ये रफिंग, मग एजिंग, मग एज मालात फिनिशिंग, असं लावा. एजिंगमध्ये माल आक्रसतो हे ध्यानात ठेवा, साधारण १०० मिमीला ०.०८ मिमी. ॲनील्डमध्येच फायनल साइज काढून एजिंगला पाठवलं तर परत येतो तेव्हा बोअर आणि लांबी दोन्ही हललेली, आणि क्यूसीवाला आपल्यावरच बोट दाखवणार.

स्पीड. कार्बाइड टिपनं मिनिटाला ३० ते ५० मीटर, सुरुवात ४० नं करा. ६० डायला ४० मीटर म्हणजे १००० गुणिले ४० भागिले ३.१४ भागिले ६०, २१२ आरपीएम. हो, एवढंच. ऑपरेटरला बघवत नाही, त्याला वाटतं मशीन झोपलंय. आणि फेसिंगला जी ९६ (कटिंग स्पीड सारखा ठेवणारा कोड) लावलं असेल तर सेंटरजवळ आरपीएम पळतो, जी ५० नं आरपीएमला वरची हद्द बांधून ठेवा. सिरॅमिक टिपा २०० मीटरच्या वर चालवतात, तिथं हिशोब उलटा आहे, एवढी गरमी करायची की कापायच्या जागी माल मऊ पडतो, पण त्याला मशीन ताठ पाहिजे आणि जॉब पण. आपल्या दहा-बारा वर्ष जुन्या लेथवर ते प्रयोग करू नका, टिप फुटून जॉबचा सत्यानाश होतो.

फीड, म्हणजे एका फेऱ्याला टिप किती मिमी सरकते ते, ०.१ च्या खाली शक्यतो नाहीच. रफिंगला ०.२ ते ०.२५. कामून ते असं, कुठलीही टिप भिंगातून बघितली तर तिची धार सुरीसारखी नसते, तिला बारीक गोलाई असते. चिपची जाडी त्या गोलाईच्या आसपास आली की टिप कापत नाही, इस्त्रीसारखी नुसती फिरते. एमएसमध्ये अशी इस्त्री फिरली तर उलट चकाकी येते आणि गिऱ्हाईक खूश. इथं त्या इस्त्रीनं वरचा थर हार्ड होतो आणि पुढच्या पासला टिपच्या पुढ्यात तोच येतो.

धारदार टिप घ्या, पातळ पीव्हीडी कोटिंगची, टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडवाली, स्टीलच्या जाड कोटिंगच्या टिपा इथं नकोत. रफिंगला ४५ अंशात बसणारी चौकोनी नाहीतर गोल टिप. ४५ ला फीड ०.२ दिला तरी चिपची खरी जाडी ०.१४ होते. १२ ची गोल टिप १ मिमी खोल लावली तर ०.२ फीडला जास्तीत जास्त जाडी ०.११, म्हणजे गोल टिपला फीड वाढवून द्यायला लागतो, नाहीतर परत इस्त्री.

आता डेप्थ, जिथं सगळे फसतात. धारदार टिपनं एक पास मारला तरी मागं साधारण ०.१ ते ०.२ मिमीचा हार्ड थर राहतो, टिप घासलेली असेल तर जास्तच. पुढचा पास त्या थराच्या खालून गेला पाहिजे, त्याच्यातून नाही. आमची जुनी सवय बघा. रेडियसवर ५ मिमी माल काढायचाय, तर २, २, ०.९, मग ०.०८, आणि शेवटी साइज बसवायला ०.०२ चा हलका हात. शेवटचे दोन्ही कट हार्ड थराच्या आत. टिप तिथं कापत नाही, ढकलली जाते, साइज मोठी येते, आपण परत ०.०२ देतो, परत मोठी, आणि चौथ्यांदा एकदम खोल घुसते आणि जॉब रिजेक्ट. हे मी स्वतः केलंय, एका दिवसात तीन नग.

आता असं लावतो : २, १.६, ०.७, ०.३५, ०.३५. शेवटचे दोन कट मुद्दाम सारखे. ०.३५ चा पहिला मारला की थांबून गार होऊ द्यायचं, मायक्रोमीटर लावायचा, जे काही दोन-तीन शतांश इकडं तिकडं असेल ते ऑफसेटमध्ये टाकायचं आणि त्याच टिपनं, त्याच फीडनं दुसरा. सारखी डेप्थ म्हणजे टिपवर सारखा जोर, म्हणजे टिप तेवढीच मागं सरकते, म्हणून साइज बसते. फिनिशिंगला ०.४ नोज रेडियस, ०.८ घेऊन ०.३५ खोलीला तो नुसता बाजूनं दाबत बसतो. आणि स्पार्क पास, म्हणजे डेप्थ न देता परत एकदा फिरवणं, ते ७१८ मध्ये बंद.

रफिंगचे आकडे उतरते का ठेवले तर खाचेमुळं. जिथं जॉबचा बाहेरचा हार्ड थर टिपला भेटतो बरोबर त्या रेषेवर टिपला खाच पडते, बाकी धार नवीकोरी आणि तिथं करवतीनं कापल्यासारखं. दर पासला डेप्थ वेगळी ठेवली की ती रेषा सरकते. प्रोग्राम करणारा हुशार असेल तर एकाच पासमध्ये २ पासून १.२ पर्यंत उतार देतो आणि पुढच्या पासला उलटा उतार.

टिप कधी बदलायची? आवाजाची वाट बघू नका. ६० डाय, १०० लांबी, ०.२ फीड, ४० मीटर, हिशोब केला तर एका पासला टिप ९४ मीटर चालते, म्हणजे साधारण २ मिनिट २० सेकंद. आम्ही दहा मिनिटं कटिंग झालं की, म्हणजे असे चार पास झाले की कोपरा फिरवतो, चांगला दिसला तरी. घासलेल्या टिपचा खर्च त्या टिपचा नसतो, ती मागं जो थर सोडून जाते त्याचा असतो, पुढच्या नव्या टिपला तो खातो.

आणि ओव्हरराइडचं बटण! गंगापूरचं एक पोरगं आमच्याकडं आयटीआय करून आलेलं, कामाला चांगलं, पण आवाज बदलला की त्याचा हात आपोआप फीडच्या बटणावर. एकदा मी केबिनमधून बघायलो, लोड मीटर ७० वर गेला, यानं फीड १०० वरून ३० वर आणला, मग फीड होल्डच दाबलं. स्पिंडल चालू, टिप जॉबला टेकलेली, फीड शून्य.

"थांबलास कामून?"

"काका, आवाज आला ना, टिप जाईल म्हणलं."

"टिप गेली तर टिप जाईल रे. आता तिथं बघ."

जॉबवर अंगठीएवढा पट्टा, आरशासारखा. कानस लावून बघ म्हणलं, कानस घसरली, दोन बोटं पलीकडं मात्र नीट लागली. तेव्हापासून आमच्याकडं ७१८ लागला की फीडचं बटण १०० वर आणि त्यावर टेप. थांबवायचंच असेल तर टिप आधी बाहेर काढायची, मग काय ते थांबायचं.

ड्रिल. सगळ्यात जास्त नुकसान इथं, कारण ड्रिलच्या मधल्या भागाचा स्पीड जवळजवळ शून्य असतो, तिथं तो कापत नाही, दाबतच असतो. सॉलिड कार्बाइड, आतून कूलंट असलेलं, ८ डायला १५ मीटर म्हणजे ६०० आरपीएम आणि फीड ०.०८, म्हणजे मिनिटाला ४८ मिमी. कोबाल्ट एचएसएस असेल तर ५ मीटर, २०० आरपीएम, फीड तोच. बंद भोकाच्या तळाला ड्वेल (थांबून फिरणं) नाही, म्हणजे जी ८२ नाही. जी ८३ नं सारखं टोचून बाहेर काढायची सवय असते आपली, प्रत्येक वेळी परत आत जाऊन ड्रिल तळाला घासतो आणि तळ हार्ड. आतून कूलंट असेल तर एका दमात भोक पाडा. नसेल आणि टोचावंच लागलं तर टोच मोठे ठेवा, एक एक मिमीचे नको. सेंटर ड्रिल हातानं हळूहळू देऊ नका, आमचं रॅकवरचं ड्रिल त्याच्यामुळंच तुटलं, सेंटर देणाऱ्यानं प्रेमानं पंधरा सेकंद तिथंच घासलं होतं.

टॅपिंगला एम १० गुणिले १.५ साठी आपण ८.५ चं ड्रिल घेतो, त्यात थ्रेड ७७ टक्के भरतो. ७१८ मध्ये ८.६ घ्या, ७२ टक्के होतो, टॅपला बरीच मोकळीक मिळते. ८.७ चा मोह होतो पण ६एच (थ्रेडच्या मापाची ठरलेली हद्द) ला आतल्या डायची वरची हद्द ८.६७६ आहे, गेजला पकडलं जाईल. टॅपवर भरवसा नसेल तर थ्रेड मिलिंग करा, वेळ लागतो पण तुटलं तरी भोकात अडकत नाही. व्हीएमसीवर मिलिंग करताना क्लाइंब ठेवा, म्हणजे दात जाड चिपनं आत घुसून पातळ होऊन बाहेर पडतो. उलट्या दिशेनं दात शून्य जाडीपासून सुरू होतो, म्हणजे प्रत्येक दात आधी रगडतो मग कापतो.

कूलंट भरपूर आणि बरोबर धारेवर. हाय प्रेशर, ७० बारचा पंप असेल तर चिप पण तुटते, नसेल तर निदान नळी हलू देऊ नका.

पातळ भिंतीचा जॉब असेल तर अजून एक त्रास. वरचा थर दाबला गेलाय, आतला नाही, म्हणजे जॉबच्या अंगात ताण बसलाय. चकमधून काढला की तो सुटतो आणि गोल जॉब अंडं होतो. एका बाजूनं सगळं रफिंग उरकून मग दुसरीकडं जाऊ नका, आलटून पालटून काढा, रफिंगनंतर सोडा, परत सॉफ्ट जॉमध्ये हलक्या हातानं पकडून मग फिनिश. पत्रा किंवा पट्टी वाकवायची असेल तर ॲनील्डमध्येच वाकवा आणि जास्त वाकवून सोडा. याचा लवचिकपणा, म्हणजे मॉड्युलस, स्टीलएवढाच, २०० जीपीएच्या आसपास, पण यील्ड जास्त, त्यामुळं स्प्रिंगबॅक जास्त. एकदा वाकवून चुकलं म्हणून उलटं वाकवायला गेलात तर दुसऱ्या वेळी जोर जास्त वाटेल, वाटतो तो भास नाही.

कॉलेजची पोरं प्रोजेक्टला विचारतात म्हणून तेवढं सांगतो. टेन्साइल टेस्टचा डेटा घ्या, स्ट्रेसला १ अधिक स्ट्रेननं गुणा म्हणजे ट्रू स्ट्रेस, आणि १ अधिक स्ट्रेनचा लॉग म्हणजे ट्रू स्ट्रेन. हे फक्त नेकिंग, म्हणजे तुकड्याला मधे बारीक मान पडणं, सुरू होईपर्यंतच चालतं. दोन्हीचा लॉग घेऊन ग्राफ काढा, जो उतार येईल तो एन, म्हणजे ताणल्यावर माल किती कडक होतो त्याचा आकडा, हॉलोमनचा, १९४५ चा. समजा ०.०५ स्ट्रेनला ६०० एमपीए आणि ०.१० ला ७२० आले, तर १.२ चा लॉग भागिले २ चा लॉग, ०.२६. एन जेवढा मोठा तेवढा माल नेकिंगच्या आधी जास्त ताणला जातो आणि तेवढाच जास्त हार्ड होतो. पण हा आकडा घेऊन कटिंगचं भाकीत करू नका, टेस्टमध्ये स्ट्रेन पाव-अर्धा असतो, चिपमध्ये दोन-तीनच्या घरात जातो आणि तो पण एका क्षणात, वर सातशे-आठशे डिग्री. एज केलेल्या मालात अजून एक गोष्ट, पहिला ट्रॅक्टर स्पीडब्रेकर कापून गेला की मागचे सगळे त्याच चाकोरीनं जातात, म्हणून सगळीकडं सारखं न वाकता ठराविक पट्ट्यांमध्येच सरकतं. चिप भिंगाखाली घेतली की करवतीसारखे दाते दिसतात, तिथं पण सरकणं असंच एकेका पट्टीत गोळा झालेलं असतं.

आणि चकाकी आलीच, तर? हलका कट मारून ती काढायला जाऊ नका. नवीन धार, फीड ०.१५ च्या वर, आणि डेप्थ कमीत कमी ०.५, थराच्या खालून शिरून तो अख्खा सोलून काढा. तेवढा माल शिल्लक नसेल तर जॉब गेला समजा, नाहीतर ग्राइंडिंगला पाठवा. भोकाच्या तळाला चकाकी असेल तर त्याच ड्रिलनं दाबू नका, नवीन कार्बाइड घेऊन पूर्ण फीडनं जा. आणि कुणी म्हणलं की गॅसनं लाल करून मऊ करू, तर त्याचा हात धरा. काळपट लाल म्हणजे ७०० डिग्रीच्या आसपास, आणि ७१८ ला हार्ड करायची भट्टी १३२५ फॅरनहाइटवर चालवतात, म्हणजे बरोबर ७१८ सेल्सिअस (नाव आणि तापमान जुळलं हा योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा). तिथं आठ तास, मग ६२० वर उतरवून एकूण अठरा तास. मऊ करायला ९५० च्या वर नेऊन झटपट गार करावं लागतं, ते टॉर्चचं काम नाही, बाहेर हीट ट्रीटमेंटला द्या.

चिपसाठी वेगळा ड्रम ठेवा, एमएसचा एक तुकडा पण त्यात जाऊ देऊ नका. निम्म्याहून जास्त निकेल आहे त्यात, भंगारवाला एसएसच्या भावात मागतो, द्यायचं नाही, टीसीची झेरॉक्स दाखवायची आणि मग भाव विचारायचा.